पाठमोरी

१

यंत्र काही पुसून टाकण्याआधी दोनदा विचारतं. आधी 'पुसायचं?' आणि मग, म्हातारं माणूस निजण्याआधी लावलेली कडी पुन्हा चाचपून बघतं तसं, 'नक्की पुसायचं?' म्हणजे कोणीतरी दोनदा हो म्हटलं होतं. हात चुकून लागला, ही सबब तिथेच निकालात निघाली.

सोमवारी सकाळी थेरपिस्टने घड्याळकाकांच्या डोळ्यांवर नेहमीसारखा तो जाडजूड चष्मा चढवला, कमरेचा पट्टा छतावरच्या रुळाला अडकवला आणि विचारलं, "काका, दिसतंय ना घर?"

काकांनी चाचपडत एक हात पुढे केला आणि हळूच खाली घेतला.

"घर नाही," ते म्हणाले. "ती पण नाही."

चष्म्यात नुसता करडा उजेड होता. त्यांची बसायची खोली नव्हती, घड्याळांची फळी नव्हती, आणि खिडकीपाशी पाठमोरी बसून शिवता शिवता गुणगुणणारी त्यांची बायकोही नव्हती. ती जाऊन चार वर्षं झाली होती हे खरं. पण रोज सकाळी तेवढा वेळ ती असायची. आता दुसऱ्यांदा गेली.

काकांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. अर्धांगाचा झटका आला आणि ते या पुनर्वसन केंद्रात आले. पायात ताकद परत आली, पण पाऊल उठेना. वॉर्डात, व्हरांड्यात, कठड्याला धरून, कशानेच उठेना. चष्मा लावला आणि त्या घरात उभं केलं, तेव्हा मात्र दारापासून खिडकीपर्यंत चालत गेले. शुक्रवारी डॉक्टरांची बैठक होती. काका चालून दाखवतील तर आपल्या घरी, नाहीतर शहराबाहेरच्या कायमच्या निवासात. तिथून कोणी परत आलेलं कोणाला आठवत नव्हतं.

सोमवारपासून काकांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

केंद्रात काही हरवलं, फुटलं, कोणी कोणाचं उणंदुणं काढलं, की साहेब जिला बोलावत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. निवृत्तीला आलेली, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई. जिना चढताना दर पायरीला देवाचं नाव घ्यायची. नाव घेण्याची सवय जुनी होती, पायऱ्यांची गरज अलीकडची.

"चौकशी कसली, बाई, दोन ओळी लिहून द्या," साहेब म्हणाले. "तो खोल्या बांधणारा मुलगा राजीनामा देऊन बसलाय. जाता जाता आपलं काम पुसून गेला. डोकं फिरलेलं असतं या मुलांचं. त्याच्या पुढच्या नोकरीला कळवून टाकू."

"आणि त्याने पुसलं नसेल तर?"

साहेबांनी जांभई दिली. "मग कोणी पुसलं ते शुक्रवारच्या आत सांगा."

२

बाईंनी चौकशीला जागा निवडली ती घटना घडली तीच. सगळे तिला रिकामी खोली म्हणत. लांबलचक, मऊ फरशीची. एका टोकाला दार आणि यंत्राचं टेबल, दुसऱ्या टोकाला खिडकी, मध्ये काही म्हणजे काही नाही. चष्मा लावून चालणाऱ्याने कशाला आपटू नये म्हणून. बाईंनी खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडून घेतल्या आणि एकीत बसल्या. ज्याला बोलायचं त्याने चालत यावं. त्यांचं चालून झालं होतं.

स्वतःचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना एक खोड लागली होती. माणूस समोरून आलं की त्या आधी त्याचे पाय बघत, मग तोंड.

खोल्या बांधणारा आला. हातात चहाचा कागदी पेला, डोळे पेल्यावर, पाय फरफटत पण वाट नाकासमोर.

"तुला सुतार का म्हणतात रे?"

"खोल्या बांधतो म्हणून, बाई. हातोडी जन्मात धरली नाही. घरी भिंतीला खिळा मारायचा तर बायको मारते."

"राजीनामा का दिलास?"

"दमलो." त्याने खांदे उडवले. "लोक मेलेल्यांचे फोटो घेऊन येतात. मी घर बांधतो. मग ते रडतात आणि मला आशीर्वाद देतात. रोज कोणी किती आशीर्वाद घ्यायचे?"

"म्हणून पुसलंस?"

"बाई, जाणारा माणूस दार ओढून घेतो, घर पाडत नाही."

बाईंना वाक्य आवडलं. पण आवडलेल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही हे त्या नोकरीतच शिकल्या होत्या.

"यंत्र कोण उघडू शकतं?"

"ज्याला वाचता येतं तो. पासवर्ड यंत्रालाच चिकटवलाय. खोलीची किल्ली नर्सच्या टेबलाशेजारी खिळ्याला. जादाची प्रत इथल्याच खणात होती, हे मीच सगळ्यांना सांगत सुटायचो. तीही पुसली."

"तू स्वतः जायचास त्या घरात? चष्मा लावून?"

"छे. मला मळमळतं. मी खुर्चीत बसून पडद्यावर बघून बांधतो. आचाऱ्यालाच पथ्य असावं, तसं माझं."

"आणि ती बाई पाठमोरी का? चेहरा का नाही केलास?"

"केला होता. चेहरा केसभर चुकला तरी माणूस दचकतं, रात्री झोपत नाही. पाठ चालते. पाठीला माणूस सांभाळून घेतं." त्याने उरलेला चहा संपवला. "पुन्हा बांधायला दोन महिने तरी लागतील. शुक्रवार काही गाठता येत नाही."

जाता जाता तो दारात थांबला.

"चुगली नाही करत, बाई. पण थेरपिस्ट मॅडम गेल्या आठवड्यात इथेच उभ्या राहून म्हणाल्या होत्या, 'एक दिवस हे सगळं मीच पुसून टाकीन.' मी हसलो होतो."

३

"म्हटलं होतं," थेरपिस्ट म्हणाली. ती आली तीही तशीच, टाचा आपटत, फुटपट्टीने ओढलेल्या रेघेसारखी. "दहा जणांसमोर म्हटलं होतं. माझी सासू रोज सकाळी म्हणते, या घरातून निघून जाईन. वीस वर्षं झाली, अजून तिथेच आहे."

"राग कशाचा होता पण?"

"चष्म्यात चालतात आणि बाहेर मढ्यासारखे पडून राहतात, याचा. मी पाय दुरुस्त करते, बाई. मला पेशंट जमिनीवर चालायला हवा, स्वप्नात नको." ती खुर्चीत धपकन बसली. डोळ्यांखाली काळं होतं. "पण पुसायचं असतं तर शुक्रवार उलटल्यावर पुसलं असतं. चार महिने घाम गाळला त्या माणसावर. दारात आलेलं गाडं मीच ढकलून देईन?"

"तू चष्मा लावतेस कधी?"

"वेळ कुठाय? काका पट्ट्याला लटकून चालतात, मी तिकडे टेबलापाशी पडद्यावर बघत असते. ते काय बघतात ते पडद्यावर चपटं दिसतं. मला त्याचं काही वाटत नाही." मग तिला काही आठवलं आणि ती उखडली. "त्या सुताराला तेवढं सांगा हो. चष्मा वापरला की त्याचा पट्टा होता तसा करून ठेवावा. काकांचं डोकं कलिंगडाएवढं. रोज सकाळी पट्टा आवळलेला असतो आणि मी तो सैल करत बसते."

"रोज?"

"गेले काही आठवडे तरी. आदल्या दिवशी मी सैल ठेवून जाते, सकाळी बघावं तर लहान डोक्याएवढा."

सुताराला चष्मा सोसत नव्हता. थेरपिस्टला वेळ नव्हता. सध्या दुसऱ्या कोणत्या पेशंटला या यंत्रावर घेतलेलं नव्हतं.

मग रोज तो चष्मा लावून, या रिकाम्या खोलीत, कोण जात होतं?

४

काकांची लेक दुपारी आली. दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. दिवसभर दुसऱ्यांच्या कळांकडे बघून हसायचं काम. ते हसू ती दारातच चपलांबरोबर काढून ठेवून आली.

ती चालत आली. खोलीच्या मध्यावर तिने ओढणी सावरली, जराशी उजवीकडे झाली, पुन्हा सरळ वाटेला लागली आणि खुर्चीत येऊन बसली. फरशी ओली आहे की काय म्हणून बाईंनी वाकून पाहिलं. फरशी कोरडी होती.

"बाबा जेवले?"

"दोन घास. तेही माझ्याकडे न बघता."

"या चष्म्याच्या प्रकाराला तुमचा विरोध होता म्हणे."

"होता, आहे. लपवून काय करू?" तिचा आवाज खाली होता, पण थकलेल्या माणसाचा असतो तसा टोकदार. "सही केली ती बाबा चालावेत म्हणून. फोटो दिले, आईची गुणगुणण्याची कॅसेट दिली. पण मी स्वतः त्यात डोकावलेसुद्धा नाही. गेलेलं माणूस गेलेलं राहू द्यावं. त्याला असं खिडकीत बसवून ठेवू नये."

"आई खरंच खिडकीत बसायची?"

"दिवस दिवस. मशीन खिडकीला लावलेलं. दारापासून तिथपर्यंत वाट मोकळी लागायची तिला. वाटेत कोणी पाट ठेवला तरी ओरडायची, 'माझ्या पायात का मांडताय संसार?'" लेक किंचित हसली. "भारी शिस्तीची होती."

"दुपारी तुम्ही कुठे असता?"

"बाबांना भरवते. ते झोपले की बाहेर बाकावर बसते. मग दवाखाना."

"बाकावर तुम्हाला कोणी पाहिलं?"

"बाकावर बसलेल्या बाईकडे कोण बघतं?" ती म्हणाली.

उठताना तिने विचारलं, "ते परत बांधता येईल का?"

इतक्या जणांशी बोलून झालं, पण ज्याने त्याने विचारलं होतं, कोणी पुसलं. हिने ते विचारलं नाही.

"शुक्रवारपर्यंत नाही," बाई म्हणाल्या. "पुढे कधीतरी, तुम्ही कॅसेट पुन्हा दिलीत तर."

लेकीने श्वास सोडला. त्या श्वासात दुःख होतं की सुटका, ते इतक्या वर्षांच्या अनुभवानेही बाईंना सांगता येईना.

५

बुधवारी त्या काकांच्या खाटेपाशी जाऊन बसल्या. प्रश्न विचारायला नाही. गुडघ्यांना तिथली खुर्ची बरी होती. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मनगटावर घड्याळ होतं आणि ते कानाशी धरलेलं होतं.

"काका, ते घर कोणी नेलं असेल, तुम्हाला काही वाटतं?"

बाईंनी मनातल्या मनात नाव घ्यायला सुरुवात केली. घाई करण्यात त्यांना कधीच रस नव्हता, आणि आता तर ताकदही नव्हती.

बऱ्याच वेळाने काका भिंतीलाच म्हणाले, "ती थांबायची."

"कोण?"

"मी आलो की थांबायची."

"चष्म्यातली?"

काकांनी हाताने जोरात नकार दिला, माशी हाकलावी तसा. मग पुन्हा घड्याळ कानाशी धरलं.

बाहेर आल्यावर साहेब व्हरांड्यात भेटले. "बाई, परवापर्यंत नाव द्या. नाहीतर मी सुताराचं कळवतो. मला वरती काहीतरी सांगायचंय."

६

"मला तो चष्मा लाव," बाई सुताराला म्हणाल्या.

"ते घर तर गेलं, बाई."

"दुसरं काही असेल ते दाखव. काय होतं माणसाला, ते बघू दे."

सुताराकडे पाहुण्यांना दाखवायचा एक नमुना होता. त्याने बाईंना खोलीच्या मध्यावर उभं केलं, चष्मा चढवला, आणि बाई एका उंच इमारतीच्या गच्चीवरून पुढे काढलेल्या अरुंद फळीवर उभ्या राहिल्या. खाली, फार खाली, रस्ता. मान वळवली की आकाश वळत होतं. वाकलं की दरी आणखी खोल होत होती.

"बाई, एक पाऊल बाजूला टाका. खाली फरशीच आहे."

"माहीत आहे रे मला."

"मग टाका."

बाईंनी पायाला सांगितलं. पायाने ऐकलं नाही. तळव्यांना घाम आला आणि मुखातून नाव मोठ्याने बाहेर पडलं.

"काढ, काढ!"

सुताराने चष्मा काढला. फरशी तिथेच होती, मऊ आणि मूर्ख.

"मला पक्कं ठाऊक होतं," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "तरी पाय उचलेना."

"ठाऊक तुम्हाला असतं, बाई. पायांना कोण सांगणार? तुम्ही मान वळवली आणि जग त्याबरोबर वळलं की शरीर म्हणतं, आपण इथेच आहोत. मग ते तुमचा सल्ला घेत नाही. काही लोक चष्मा काढल्यावरसुद्धा घटकाभर त्या टेबलावर हात टेकायला जातात, नसलेल्या. रोज जाणाऱ्याच्या तर अंगवळणीच पडतं."

बाई पदराने तळवे पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

"त्या घरात काय काय होतं? सगळं सांग."

"दार, घड्याळांची फळी, पलंग, खिडकी, शिलाई मशीन, आई. सगळं फोटोबरहुकूम. आणि ते एक स्टूल."

"कुठलं स्टूल?"

"ते घरातलं नव्हे. महिन्याभरापूर्वी मॅडम म्हणाल्या, काका नुसते सरळ चालतात, वळायला शिकले पाहिजेत, वाटेत काहीतरी ठेव. म्हणून एक लाकडी स्टूल ठेवून दिलं. काका पहिल्या दिवशी चिडले होते. मग रोज वळसा घालून जायला लागले."

"कुठे ठेवलं होतंस? दाखव."

सुतार चालत गेला आणि खोलीच्या मध्यावर उघड्या फरशीवर त्याने टाच आपटली.

"हे इथे. वाट उजवीकडून."

बाईंनी त्या जागेकडे पाहिलं. सुतार या जागेवरून चहा पीत सरळ गेला होता. थेरपिस्ट टाचा आपटत सरळ गेली होती. दोघांनी ते स्टूल पडद्यावर शंभरदा पाहिलं असेल. पण त्यांच्या पायांना त्याची ओळख नव्हती.

आणि खऱ्या घरात तर या वाटेत पाटसुद्धा कधी ठेवलेला नव्हता. ते सांगणारी लेकच होती, आणि इथे वळसा घालून आलेलीही तीच.

बाईंना आनंद वगैरे काही झाला नाही. त्यांना फक्त फार दमल्यासारखं वाटलं.

७

गुरुवारी सकाळी त्यांनी लेकीला पुन्हा बोलावलं. या वेळी कोणालाही आत थांबू दिलं नाही.

ती दारातून निघाली. मध्यावर आली. ओढणी सावरली, उजवीकडे झाली—

"तिथेच थांब, पोरी," बाई खिडकीपाशी बसूनच म्हणाल्या. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. "आत्ता वळसा कशाला घातलास?"

लेकीने खाली पाहिलं. फरशी होती, दुसरं काही नव्हतं. तिने डावीकडे पाहिलं, स्टूल जिथे असायचं त्या जागेकडे, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"स्टूल..." ती म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही. खालीच बसली, त्या नसलेल्या स्टुलाच्या शेजारी.

बाई गुडघ्यांना विनवत उठल्या, गेल्या, आणि तिच्याजवळ फरशीवर बसल्या. पुन्हा उठता येईल की नाही हा विचार नंतरचा.

"रोज जायचीस?"

"पहिल्यांदा नुसतं बघायला गेले. बाबा रोज काय बघतात ते." तिचे शब्द थांबून थांबून येत होते. "दुपारी हे सगळे जेवायला जातात. आत गेले तर ती बसलेली. तीच मान. तेच मानेवरचे सुटलेले केस. मी जाऊन तिच्या मागे बसले. काही मागायचं नव्हतं हो मला. दिवसभर लोकांना 'बसा, आता नंबर येईल' म्हणायचं, इथे बाबांना भरवायचं. कोणीतरी आपल्यापेक्षा मोठं घरात आहे, एवढंच वाटायचं. मग रोज."

"मग पुसलंस का?"

"तिचं तोंड हरवलं." लेकीने दोन्ही हातांनी स्वतःचे गाल धरले. "रविवारी घरी डोळे मिटून आईला आठवत होते. ती आली ती पाठमोरी. मी मनात म्हटलं, आई, वळ ना. वळेना. फोटो काढून बघितला, तर फोटोतली बाई ओळखीची वाटली फक्त. बाई, ही खोटी आई माझ्या खऱ्या आईला खात होती. घास घास. मी तशीच उठून इथे आले. नर्सला म्हटलं, बाबांचा स्वेटर राहिलाय. यंत्राने दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं."

"बाबांचं काय होईल ते डोक्यात आलं नाही?"

"दार लावल्यावर आलं." ती आता रडत नव्हती, रडण्यालाही दम लागतो. "चार रात्री तेच डोक्यात आहे. मी आईला वाचवायला गेले आणि बाबांना घालवलं. त्यांना तिकडे नेलं तर मीच नेलं. साहेबांना सांगा, त्या मुलावर घालू नका."

बाई बराच वेळ त्या मऊ फरशीवर हात फिरवत राहिल्या. चोर सापडला होता. पण शुक्रवार होता तिथेच होता.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणाले, मी आलो की ती थांबायची. म्हणजे काय?"

"गुणगुणणं थांबवायची. लाजायची. आवाज बरा नाही आपला असं वाटायचं तिला. बाबांची चप्पल दारात वाजली की गप्प. मान वळवायची आणि म्हणायची, 'आलात?' जन्मभर, रोज."

"आणि ही चष्म्यातली?"

"ही कुठली थांबते? कॅसेटच ती. आपण अगदी पाठीशी जाऊन उभं राहिलं तरी चालूच." बोलता बोलता लेकीचा आवाज मंदावला. "म्हणजे बाबा..."

"आपण सगळे समजत होतो की बायको दिसते म्हणून ते चालतात," बाई म्हणाल्या. "दिसायला ती दारातूनही दिसत होती की. त्यासाठी खिडकीपर्यंत कशाला जायला हवं? ते चालत होते ती थांबते का बघायला. रोज. कदाचित आज थांबेल म्हणून."

मग बाईंनी हात पुढे केला. "मला आधी उठव. आणि बाबांचा एखादा शर्ट आण, बटण तुटलेला."

८

दुपारी थेरपिस्टने काकांना चाकाच्या खुर्चीतून दारात आणलं. काकांनी यायला नकार दिला नव्हता; नकाराला लागणारी शक्तीही त्यांनी खर्च केली नव्हती. सुतार टेबलाशी उभा होता. चष्मा डब्यात होता.

खिडकीपाशी लेक बसली होती. पाठमोरी, केस वर बांधलेले, मांडीवर शर्ट. ती बटण लावत होती आणि गुणगुणत होती. सूर लागत नव्हता.

काकांनी मान वर केली.

"हे काय नाटक?" ते पुटपुटले.

"नाटकच आहे, काका," चौकशीबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "ते घर पुसलं ते पण तुमच्या लेकीनेच. का, ते तिलाच विचारा. ती तिकडे बसलीय. मला काही तिला इकडे आणता येणार नाही, माझे गुडघे गेलेत."

काका लेकीच्या पाठीकडे बघत राहिले. गुणगुणणं मध्येच अडखळलं, खोकल्यात गेलं, पुन्हा सुरू झालं. भलत्याच ओळीवर. काकांच्या कपाळावर आठी पडली, बिघडलेलं घड्याळ हातात आल्यावर पडत असेल तशी. घड्याळ कानाशी धरलेला हात खाली आला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले.

थेरपिस्टने मागून कमरेचा पट्टा धरला. बोलली नाही काही. तिला ओळखणाऱ्यांना ते नवल वाटलं असतं.

पाऊल उठलं. चप्पल फरफटली. मग दुसरं. बाई फक्त पाय बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मध्यावर येऊन काका थांबले. काकांनी खाली एकवार पाहिलं, आणि उजवीकडे होऊन, त्या स्टुलाला वळसा घालून, पुढे निघाले. सुताराने तोंड फिरवलं आणि टेबलावरची वायर विनाकारण गुंडाळायला घेतली.

चप्पल जवळ आली. लेकीचं गुणगुणणं थांबलं.

ते तिने ठरवून केलं नव्हतं. ठरलं होतं ते शेवटपर्यंत गुणगुणत राहायचं. पण बापाची चाहूल पाठीशी आली आणि गळा आपोआप बंद झाला. तिने मान वळवली. चेहरा रडून सुजलेला, नाक लाल.

"बाबा," ती म्हणाली. "आलात?"

काकांनी तिच्या खुर्चीची पाठ धरली. ते उभे होते.

"ती थांबत नव्हती," ते म्हणाले. "रोज जात होतो. दर खेपेला त्याच जागी श्वास, त्याच जागी सूर. माझा जन्म चाकं फिरवण्यात गेला, पोरी. फिरणारं चाक आणि जिवंत माणूस मला कळत नाही होय? तरी जात होतो. म्हटलं, एक दिवस..." पुढचं त्यांनी गिळलं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तुला गाता येत नाही अजिबात."

"नाही येत," लेक म्हणाली.

"आईचं नाक आहे पण. बरोब्बर." त्यांनी बोट तिच्या नाकाला लावलं. "असं लाल व्हायचं तिचं."

लेकीने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तिने काय पाहिलं ते कोणी विचारलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी कोणी समोरून ओळख द्यावी, तसं काहीतरी उमटलं.

शुक्रवारी डॉक्टरांसमोर काका पुन्हा चालले. थोडं कमी, थोडं वाकडं, पण जमिनीवर. घरी जायचा कागद झाला.

साहेबांनी नाव मागितलं. "ज्यांची आई, त्यांनीच परत नेली," बाई म्हणाल्या. "त्याला चोरी कोण म्हणतं? सुताराचं पत्र नीट लिहा मात्र." साहेबांनी आणखी विचारलं नाही. तेही दमले होते.

संध्याकाळी बाई खिडकी लावायला रिकाम्या खोलीत गेल्या. दारापासून खिडकीपर्यंत सावकाश, नाव घेत. खिडकी लावली, परत फिरल्या, दाराशी येऊन दिव्याचं बटण बंद करताना त्यांच्या लक्षात आलं. ते स्टूल त्यांनी चष्म्यातही कधी पाहिलं नव्हतं. तरी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, त्या त्याला वळसा घालून आल्या होत्या.